गटप्रमुख झालास, आता एवढं सांभाळ

बीएमएसच्या दुसऱ्या वर्षाला एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) गटप्रमुख झालास, अभिनंदन! सेवेचे वर्षाचे 120 तास आणि अभ्यास सांभाळून फोटोग्राफीही चालू ठेवायची म्हणतोस. जमेल, नक्की जमेल.

किनारा सफाईने सुरुवात करतोयस, तर आधी गावाला विचार. नवे गटप्रमुख इथेच चुकतात. बॅनर छापून, पोरं गोळा करून किनाऱ्यावर पोहोचतात, तर ऐन भरतीची वेळ, नाहीतर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं, ओढणं चाललेलं. आदल्या दिवशी सरपंचांना आणि रापणकरांना भेट, ओहोटी कधी ते त्यांनाच विचार. गोळा केलेला कचरा कोण आणि कधी उचलणार, हेही तेव्हाच पक्कं कर. ते ठरलं नसेल तर मोहीम सरळ पुढे ढकल, कारण वाळूवर ठेवलेल्या गोण्या मोठ्या भरतीला पुन्हा समुद्रात जातात. आणि वाळूत रुतलेलं जाळं खेचू नका. ते फाटतं आणि तुकडे आत राहतात. भोवतीची वाळू हाताने मोकळी करा.

बाकी दोनच गोष्टी:

- सगळं स्वतः करू नकोस. हातमोजे, पाणी, हजेरी एकेकाकडे सोपव आणि मग मध्ये पडू नकोस. नेतृत्वाचा खरा कस इथे लागतो.
- कोकणातल्या वेळास, आंजर्ल्याला कासवांची पिल्लं टिपायला गेलास तर फ्लॅश बंद. पिल्लं उजेडाकडे वळतात, वाट चुकतात.

प्रायोजक, निधी, अहवाल हे सगळं सध्या राहू दे. पहिली मोहीम झाली की विचार, सविस्तर सांगतो.