दारू सुटल्यानंतर उरलेली मागणी

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. चार वर्षे थेंबालाही न शिवता काढूनसुद्धा घरातली माणसे अजून तुझ्या चेहऱ्याकडे बघून बोलतात, पगाराचे पैसे पत्नी अजून स्वतःच्याच ताब्यात ठेवते, आणि त्याचा तुला इतका संताप येतो की 'मग सोडली तरी कशाला' असे मनात येऊन जाते, हे तू मोकळेपणाने लिहिलेस याचे मला समाधान वाटले. आपल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगमध्ये दारू सुटल्याच्या वाढदिवसाचे मेडल घेताना असे शेअरिंग फारसे कोणी करत नाही, आणि नेमके न बोललेले हे दुखणेच पुढे स्लिपपर्यंत, म्हणजे पुन्हा पिण्यापर्यंत नेते.

दारू थांबल्यावर काही महिने झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, त्यामागे शरीराची कारणे असतात. चौथ्या वर्षीच्या रागाला मात्र ते कारण पुरत नाही. आपल्या संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन यांचे उदाहरण तुला ठाऊक असावे, असे मला वाटते. डिसेंबर १९३४ मध्ये त्यांची दारू सुटली, १९३५ मध्ये अक्रन शहरात डॉ. बॉब स्मिथ यांच्यासह त्यांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा आरंभ केला, आणि तरीही पुढे १९४४ च्या सुमारास त्यांना नैराश्याने ग्रासले व ते बरीच वर्षे टिकले. या काळात त्यांनी मानसोपचारही घेतले. जानेवारी १९५८ मध्ये संघटनेच्या मासिकात छापलेल्या पत्रात त्यांनी आपले निदान मांडले: मान, सुरक्षितता आणि आपुलकी यांसाठी आपण माणसांवर आणि परिस्थितीवर जवळजवळ पूर्णपणे विसंबून राहिलो, आणि हवे तसे मिळाले नाही की खचत गेलो. भावनिक सोबरायटी, म्हणजे दारूप्रमाणेच मनाचाही समतोल, हा आपल्या वाटचालीचा पुढचा टप्पा आहे, असे त्यांनी त्यात म्हटले.

तुझ्या पत्रात मला हीच मागणी दिसते. 'मी सोडली, आता तुम्ही विश्वास ठेवा,' हा तू मनातल्या मनात केलेला करार आहे; त्यावर घरातल्या कोणीही सही केलेली नाही. जी स्त्री कित्येक वर्षे रात्री दाराकडे कान लावून बसली, तिची भीती तुझ्या मेडलांच्या हिशेबाने कमी होणार नाही. आपल्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमातली नववी पायरी आपल्याकडून भरपाई मागते, तीही समोरच्याला नवी इजा होणार नसेल तरच. मोबदल्यात क्षमा मिळेल, असे ती कुठेही म्हणत नाही. म्हणून पैशाचा विषय तू स्वतःहून काढू नकोस, तिला वाटेल तितके दिवस व्यवहार तिच्याकडे राहू दे.

बिल यांच्या पत्नी लोइस यांची हकिगत प्रसिद्ध आहे. नवरा दारू सोडून मीटिंगला जाऊ लागल्यावर, निघायची घाई करणाऱ्या त्याच नवऱ्यावर त्यांनी एकदा बूट फेकून मारला, आणि आपल्यालाही स्वतःच्या मनाकडे पाहायला हवे हे त्यांना त्यातून उमगले. पुढे १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी ॲल-अनॉन उभे राहिले. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी सहचरी गट आहे. वहिनींना तिथे जावेसे वाटले तर त्यांना जाऊ दे, पण तू पाठवू नकोस.

तुझ्यासाठी दहावी पायरी, म्हणजे रोजचे आत्मपरीक्षण. रोज रात्री वहीत एवढेच लिही की आज कोणाकडून काय हवे होते, ते मिळाले नाही तेव्हा मी काय केले, आणि त्या क्षणी भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी काय अंगावर होते. आपल्यापैकी ज्यांनी कोवळ्या वयात प्यायला सुरुवात केली, त्यांना अपमान सहन करून शांत बसणे, वाट पाहणे, लाज वाटली तरी तिथून न पळणे या गोष्टी शिकायची वेळच आली नाही, कारण दर वेळी बाटली मध्ये आली. तो राहिलेला अभ्यास आता करायचा आहे, आणि त्याला वर्षे लागतात. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर वहीवर भिस्त न ठेवता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि आपण मद्यासक्त आहोत हे त्यांना पहिल्याच भेटीत सांग, म्हणजे सवय लागणाऱ्या झोपेच्या गोळ्या ते जपून देतील.

वडील माळ घालायचा आग्रह करतात आणि तुझा देवावर विश्वास नाही, असे तू लिहिलेस. माळकरी होऊन दारू कायमची सुटलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण श्रद्धा नसताना केवळ वडिलांच्या समाधानासाठी माळ घालू नकोस. आपल्या पायऱ्यांत ईश्वराची कल्पना ज्याची त्याच्यावर सोपवलेली आहे, आणि तुझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणून तुला आज मीटिंगमधली माणसे पुरत असतील तर तीही चालतात. सकाळी पंधरा मिनिटे काहीही न मागता शांत बस. अकराव्या, म्हणजे प्रार्थना आणि ध्यानाच्या पायरीची सुरुवात मी तुझ्यासाठी एवढीच ठरवतो.

गटारी जवळ आली आहे. त्या संध्याकाळी रुग्णालयातून नुकताच सुटलेला एक मुलगा आपल्या मीटिंगला येणार आहे. त्याला घरून आणायला तू आणि आपल्या गटातला आणखी एक जण, असे दोघे जा. वाटेत त्याला उपदेश करू नका, तो बोलला तर ऐका, आणि आधी त्याला काहीतरी खायला घाला.

तुझा,
स्पॉन्सर (पायऱ्यांच्या वाटेवरचा तुझा मार्गदर्शक)