सोयाबीनमध्ये कागदी फुग्यात फळ येणारं तण कोणतं, आणि आता त्यावर काय फवारू?

तुम्ही लिहिलंय, पीक 40 दिवसांचं आहे, तणनाशक मारलं, गवत सगळं मेलं आणि हेच तेवढं राहिलं. राहणारच. क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप ही औषधं फक्त गवत मारतात, रुंद पानाचं तण त्यांना ढिम्म दाद देत नाही. कृषी केंद्रवाल्यांशी माझा जुना वाद आहे तो याच गोष्टीवरून. शेतात तण कोणतं, किती पानांचं, हे न विचारता बाटली काढून देतात. गवत गेलं की रुंद पानाच्या तणाला मोकळं रान मिळतं.

तण म्हणजे रानपोपटी, कुणी चिरबोटी म्हणतं. फिकट पिवळं फूल, पानाच्या बेचक्यात एकेकटं, खाली मान घातलेलं. कामोणीला फूल पांढरं, फळांचे घोस आणि फुगा नाही. कपाळफोडीला फुगा असतो, पण ती वेल. धुऱ्यावरची ढोरगुंज, म्हणजे अश्वगंधा, तिलाही फुगा असतो. तिच्यावर मात्र राखट लव असते आणि फळ पिकून लाल होतं. ती उपटू नका.

औषधाची वेळ गेली. पेरणीनंतर 48 तासांत, जमिनीत ओल असताना पेंडिमेथॅलिन 30 टक्के ईसी एकरी 1 लिटर, किंवा 15 ते 20 दिवसांनी इमॅझेथापायर 10 टक्के एसएल एकरी 400 मिली, 200 लिटर पाण्यातून. तण दोन ते चार पानांचं असेल तरच इमॅझेथापायरनं ते काबूत येतं. नंतर नुसतं पिवळं पडतं, थांबतं आणि पुन्हा फुटतं. डोस वाढवून भागत नाही, उलट औषध जमिनीत राहून रब्बीच्या ज्वारीला भोवतं.

आता खुरपंच. झाड मुळासकट काढा. वरून छाटलं तर बेचक्यातून फुटतं, आणि ओल्या सरीत टाकलं तर पुन्हा मूळ धरतं. फुगे धरलेली झाडं उकिरड्यावर तर मुळीच टाकू नका. उपटलेल्या झाडावरही फळं पिकत राहतात आणि पुढच्या वर्षी शेणखतातून बी शेतभर जातं. पोत्यात भरून बाहेर न्या, वाळवून जाळा. मजुरी परवडत नाही म्हणाल, तर निदान फुगेवाली तरी वेचा. मळणीत ती हिरवी फळं फुटली की दाण्याला डाग पडतो, त्यावर माती चिकटते आणि आडतीवर भाव तुटतो.

टोमॅटो, मिरची, वांग्याचं वेगळं आहे. रानपोपटी त्याच कुळातली, म्हणून पीक वाचवून तिला मारणारं औषध शोधत बसू नका. मल्चिंग करा आणि खुरपा. सोयाबीनमध्ये तूर किंवा दुसरं आंतरपीक असेल तर वरची औषधं लेबल वाचल्याशिवाय वापरू नका.

फळ खातात का, हेही विचारलंय. पूर्ण पिकलेलं पिवळं खातात. हिरवं फळ आणि पाला विषारी, आणि फवारलेल्या शेतातलं तर पिकलेलंही नको.