चॉसर तिकडच्यांनाही अडतो

प्रश्न : मी परळीजवळच्या खेड्यातली, मराठी माध्यमाची. यंदा एम.ए. इंग्रजीला प्रवेश घेतला. चॉसर हा जुना इंग्रज कवी उघडला की शब्द न् शब्द अडतो. भाऊ म्हणतो, मराठी घे. काय करू?

उत्तर : अगं, चॉसर वारला १४०० साली. लंडनची पोरंही त्याला टिपा घेऊनच वाचतात. आपल्याला तरी १२९०ची ज्ञानेश्वरी सार्थ प्रतीशिवाय कुठं उलगडते? माउलींचं आपेगाव तर आपल्या पैठणजवळचं!

मी नांदेडला शिकताना चॉसर मोठ्यानं वाचायचे. घरमालकीण विचारायची, मंत्र म्हणतेस का गं? 'नाइट' (knight) म्हणजे सरदार. त्यातला आज मुका असलेला 'के' तेव्हा उच्चारत, 'क्निख्त' असं काहीसं. आपल्या जिभेला हे सहज जमतं. रोज वीस ओळी, समोर आजचं इंग्रजी, खाली तुझ्या आजीच्या बोलीत अर्थ. वही भरेल तसा चॉसर सुटेल.

खरी अडचण चर्चची. त्याच्या 'कॅंटरबरी टेल्स'मधले यात्रेकरू कॅंटरबरीला हुतात्मा आर्चबिशप थॉमस बेकेटच्या समाधीला निघालेत. दिंडी आठव, पण फार ताणू नकोस. ते घोड्यांवर आहेत. त्यांच्यातला, चर्चची पापांची माफीपत्रं विकणारा तो इसम मात्र समजून घे, नाहीतर निम्मा विनोद हुकेल.

आणि भावाला सांग, मराठी घेतलं तरी महानुभावांचं जुनं गद्य आहेच, तेही अडेलच.