इंटरनेटवर फुकट गाणी शेअर करणाऱ्यांवर अमेरिकी संगीत कंपन्यांनी खटले भरले, ते योग्य होतं का?

अजिबात नाही. कलाकाराला मोबदला मिळायलाच हवा, त्यावर वाद नाही. पण सप्टेंबर २००३ मध्ये आरआयएए या कंपन्यांच्या संघटनेने एकदम २६१ जणांवर दावे ठोकले, त्यात न्यूयॉर्कची १२ वर्षांची एक मुलगीही सापडली. तिच्या आईने २ हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं. याला न्याय कसं म्हणायचं? वकिलाची फी तडजोडीच्या रकमेहून जास्त, म्हणून निर्दोष माणूससुद्धा मुकाट्याने पैसे भरून मोकळा होतो.

मूळ दुखणं कायद्यात आहे. तिथे प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही एका गाण्यामागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई लावता येते. तेच गाणं तेव्हा आयट्यून्स या ऑनलाइन दुकानात ९९ सेंटला मिळायचं! मिनेसोटातल्या एका बाईंना २४ गाण्यांसाठी ज्युरीने २००९ मध्ये १९ लाख २० हजार डॉलर ठोठावले. अपिलात रक्कम २ लाख २२ हजारांवर आली, पण सामान्य माणूस तेवढ्यानेही देशोधडीला लागतो.

आणि साधलं काय? २००१ मध्ये नॅपस्टर ही गाणी फुकट शेअर करण्याची सेवा कंपन्यांच्या खटल्यामुळे बंद पडली, तर लोक काझा या तशाच दुसऱ्या सेवेवर गेले. शेवटी डिसेंबर २००८ मध्ये संघटनेनेच असे सरसकट दावे थांबवत असल्याचं जाहीर केलं.