अंदमानला पहिल्यांदा जाताय? मुक्कामाच्या रात्री अशा वाटून घ्या

सहा रात्री हातात असतील तर माझं ऐका, तीनच बेटं धरा. दिगलीपूर, बाराटांग पुढच्या खेपेला.

पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. दुपारी सेल्युलर जेल निवांत बघा. सावरकरांच्या कोठडीपाशी आपली मराठी पावलं आपोआप थबकतात. मग तीन रात्री हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. इथे हात आखडू नका. एक दिवस स्कूबा किंवा एलिफंट बीच, एक अख्खी संध्याकाळ फक्त राधानगर किनाऱ्याला. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पाच ते साडेपाचच्या दरम्यानच बुडतो, त्यामुळे चारपर्यंत वाळूत पोचा. आपल्याकडच्यासारखं सहाला निघालात तर अंधारच दिसेल. नीलला (शहीद द्वीप) एक रात्र पुरते, पण तिथला नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, म्हणून वेळ आधी विचारून ठेवा.

शेवटची रात्र मात्र पोर्ट ब्लेअरलाच, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. आमचं परतीचं विमान असंच चुकलं होतं, आई-बाबा सोबत असताना.

आणि हॉटेलच्या आधी बोटीची तिकिटं काढा. बेट बदलण्यात अर्धा दिवस जातो, तो हिशेबात धराच.