होमगार्डचा दर वाढला, तरी वर्षाची कमाई का वाढत नाही?

प्रश्न असा आहे: एक भाऊ कोल्हापुरात होमगार्ड, दुसरा महापालिकेच्या अग्निशमन विभागात ठेकेदारामार्फत. दोघांचंही भागत नाही, तर वाढ मागायची कुणाकडे? दोघांचे पैसे वेगवेगळ्या ठिकाणी ठरतात. त्यामुळे एकच निवेदन दोघांसाठी दिलं तर ते दोन्हीकडून परत येईल.

आधी होमगार्ड. कर्तव्य भत्ता रोजचा 570 रुपये होता, तो ऑक्टोबर 2024 पासून 1083 झाला. कवायत भत्ता 90 चा 180 झाला. हा दर राज्य सरकार ठरवतं. जिल्हा समादेशक (होमगार्डचे जिल्ह्यातले प्रमुख) किंवा पोलीस अधीक्षक त्यात एक रुपयाही घालू शकत नाहीत, म्हणून दरासाठी कसबा बावड्याला खेपा मारण्यात अर्थ नाही. पण वर्षाची कमाई म्हणजे दर गुणिले दिवस, आणि दिवस इथेच ठरतात. जुन्या दराने 180 दिवसांचे 1,02,600 रुपये व्हायचे. नव्या दराने तेवढी रक्कम 95 दिवसांतच पूर्ण होते. म्हणजे बंदोबस्ताचे दिवस 180 वरून 95 वर आले, तर झालेली सगळी वाढ संपली. दर वाढून तरतूद त्या प्रमाणात वाढली नाही की खात्याला माणसं कमी बोलवावी लागतात. बँक खात्यावर फरक दिसत नसेल तर सगळ्यात आधी दिवस मोजा.

मोजायचे ते स्वतःच्या वहीत. तारीख, ठिकाण, हजर झाल्याची आणि सुटल्याची वेळ, हजेरी कुणी लावली, आणि त्या दिवसाचे पैसे कधी जमा झाले. गणेश विसर्जनाला इथे सर्वाधिक घोळ होतो. मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालते, इराणी खणीवर किंवा पंचगंगा घाटावर उभा असलेला माणूस रात्री बारानंतरही तिथेच असतो, आणि हजेरीपत्रकावर तारीख मात्र एकच पडते. ड्युटी सुरू होतानाच ठाण्यातल्या अंमलदाराला विचारून पाळी बदलल्याची नोंद दोन्ही तारखांना करून घ्यायची. नंतर महिनाभराने ती दुरुस्ती करायला कुणी तयार नसतं, आणि त्यांचंही चुकत नाही, कारण तोवर बिल गेलेलं असतं.

पुराची ड्युटी हा दुसरा खड्डा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की धावपळ सुरू होते, 43 फूट ही धोका पातळी, आणि त्या गडबडीत माणसं फोनवरच बोलावली जातात. तोंडी बोलावण्याचं बिल निघणं फार कठीण. मागणी कुणाची होती, पोलिसांची की महसूलची, यावर खर्च कोणाच्या लेखाशीर्षावर, म्हणजे कोणत्या विभागाच्या हिशेबात, टाकायचा ते ठरतं. म्हणून पाणी ओसरायच्या आत पथकाच्या समादेशक अधिकाऱ्यांकडून लेखी आदेशाची प्रत मागा. व्हॉट्सॲपवरची यादीही जपून ठेवा, पण आदेशाची जागा ती घेऊ शकत नाही.

बँकेची बाजू एकदा तपासा: पासबुकावरचं नाव आणि सनदेवरचं (होमगार्डच्या नेमणूक प्रमाणपत्रावरचं) नाव जुळतं का, बँक विलीन होऊन आयएफएससी बदलला का. एवढ्यावरून पैसे परत जातात.

दिवस खरंच कमी झाले असं वहीवरून दिसलं, तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, मिळालं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत बसवा. ‘आम्हाला का बोलवत नाही’ असं लिहू नका, कारणं विचारली की ‘ही माहिती नव्हे’ एवढ्यावर अर्ज निकाली निघतो. कागद मागा: गेल्या 12 महिन्यांत पोलिसांनी तारखेनिहाय किती होमगार्ड मागितले, किती दिले, त्या बिलांची रक्कम किती आणि ती कोषागारात कोणत्या तारखेला सादर झाली. या एका तक्त्यात कळतं की अडचण मागणीत आहे, निधीत आहे की बिल उशिरा जाण्यात.

आता दराची लढाई. निवेदनात ‘महागाई वाढली, दर वाढवा’ एवढंच असेल तर ते फायलीला लागतं. आकडा मांडा. 11 मार्च 2015 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल, पंजाब आणि दिल्लीच्या प्रकरणांत सांगितलं, की होमगार्डना नियमित नोकरी देता येत नाही, पण रोजचा भत्ता असा हवा की 30 दिवसांची बेरीज पोलिसाच्या किमान वेतनाइतकी व्हावी. आपल्याकडे पोलीस शिपायाचं सुरुवातीचं मूळ वेतन 21,700. त्यावर 50 टक्के महागाई भत्ता धरला तर 32,550, आणि 30 ने भागल्यावर 1085. आजचा 1083 चा दर त्याच्या अगदी जवळ आहे. पण राज्य कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारी 2025 पासून 55 टक्के झाला. त्या हिशेबाने 33,635 भागिले 30, म्हणजे 1121. रोजचे 38 रुपये मागे पडले, 180 दिवसांचे 6,840. म्हणून एकदाची मोठी वाढ मागण्यापेक्षा ‘कर्तव्य भत्ता महागाई भत्त्याशी जोडा’ ही मागणी जास्त टिकाऊ आहे, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर पुन्हा वर्षानुवर्षं तोच आकडा राहतो. निवेदन पथक, जिल्हा समादेशक, महासमादेशक या क्रमाने द्या आणि प्रत आमदारांना. पैशाची तरतूद पुरवणी मागण्यांतून (अंदाजपत्रकानंतर सरकार विधिमंडळाकडे मागतं त्या जादा निधीतून) होते, म्हणून डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनाच्या निदान दोन महिने आधी कागद पोहोचला पाहिजे.

अग्निशमनातल्या भावाचा दर निविदेत ठरतो. कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश) निघाल्यावर आयुक्तांना कितीही भेटलं तरी ठेका संपेपर्यंत फार काही हलत नाही. निविदा आणि कार्यादेश मागवून दोन गोष्टी बघा. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, तर तो फरक देण्याची अट त्यात आहे का? आणि ठेकेदाराने कमी दर भरला तो स्वतःच्या सेवाशुल्कात की मजुरीत? मजुरीची रक्कम निविदेतच पक्की ठेवून स्पर्धा फक्त सेवाशुल्कावर घ्यावी, ही मागणी नव्या निविदेचा मसुदा होत असताना करा, आणि अंदाजपत्रकासाठी विभाग आकडे पाठवतात तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये.

तोवर जे हक्काचं आहे ते येतं का हे आज रात्री मोबाईलवर कळेल. यूएएनचं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफ) क्रमांकाचं, पासबुक उघडा. 15,000 रुपयांवर 12 टक्के म्हणजे 1,800 दरमहा कापले जात असतील, तर ते तिथे महिनावार दिसायला हवेत. वेतन 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसाठी (कर्मचारी राज्य विमा) 0.75 टक्के कपात होते, 18,000 वर 135 रुपये, आणि मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 585. कपात पगारपत्रकावर आहे आणि पासबुकात नाही, असं आढळलं तर त्या महिन्यांची यादी करून लेखी तक्रार ठेकेदाराबरोबर महापालिकेलाही द्या. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ नियोक्त्यावर, म्हणजे महापालिकेवर, येते. तक्रारीची पोच शिक्क्यासह घ्या. ठेकेदाराचं पुढचं बिल मंजूर होण्याआधी लेखा विभागापुढे तीच पोच ठेवता येते.