मिस्टरांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय, नंतर रेडिएशन लगेच घ्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की ऑपरेशनची तारीख मिळाली, 'नंतर शेक (म्हणजे रेडिएशन) द्यावाच लागेल' असं नातेवाईक आत्ताच सांगतायत आणि तुम्हाला कोणी काही विचारत नाही. आमच्या यांचं हेच ऑपरेशन झालंय. आम्ही यवतमाळकडचे, कापूस-सोयाबीनवाले.

पहिलं म्हणजे डॉक्टरांच्या केबिनमध्ये तुम्ही स्वतः जा. आपल्याकडे भासरे (मोठे दीर) आत जातात अन् बाई थैली धरून बाहेर बाकावर. पण घरी आल्यावर लघवीची पिशवी रिकामी करायची ती तुम्हालाच. नळी साधारण एक-दोन आठवडे राहते. पिशवी नेहमी कमरेच्या खाली हवी. आम्ही ती बाजेच्या खालच्या दांडीला सुतळीनं बांधायचो, जमिनीला टेकू द्यायची नाही. लघवीला थोडी लाली आली तर घाबरू नका, पण पिशवीत लघवी येणंच थांबलं, पोट फुगलं किंवा ताप आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

नळी निघाल्यावर खरी परीक्षा. खोकलं, बकेट उचलली की थेंब गळतात. हे अंगणात दुपट्टा कमरेला गुंडाळून बसायचे, पंगतीला जाणं बंद केलं होतं. डायपर आणायला पोराला नका पाठवू, मिस्टरांच्या मनाला ते फार लागतं. मी स्वतः तालुक्याहून आणायची. गॅस रोखताना आवळतो तो स्नायू आवळायचा-सोडायचा, हा व्यायाम डॉक्टरांकडून नीट शिकून घ्या, पण नळी आत असताना करू नका. बहुतेकांचं गळणं काही महिन्यांत बरंच कमी होतं. पती-पत्नीच्या संबंधावरही परिणाम होतो. त्यावर गोळ्या-उपाय आहेत, पण विचारल्याशिवाय डॉक्टर विषय काढतीलच असं नाही. विचारा, लाजू नका.

आता शेकाचं. काढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचा रिपोर्ट येतो. आमच्यात 'मार्जिन पॉझिटिव्ह' आलं, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी होत्या. भासरे म्हणाले, एकदाचं करून टाका. मी डॉक्टरांना विचारलं, 'थांबलं तर काय बिघडेल?' ते म्हणाले, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) बघत थांबता येईल. २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासांतही हेच दिसलं: बऱ्याच पेशंटमध्ये लगेच शेक देण्यापेक्षा पीएसए वाढू लागल्यावर दिला तरी निकाल जवळपास सारखाच, आणि लघवीचे त्रास कमी. पण लसिकाग्रंथीत आजार गेला असेल किंवा ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती जोराचा ते सांगणारा रिपोर्टमधला आकडा) ८ किंवा जास्त असेल तर हिशोब वेगळा, तिथं डॉक्टर लवकर द्या म्हणू शकतात. ऑपरेशननंतर पीएसए ०.१ च्या खाली यायला हवा. ०.२ झाला आणि पुन्हा तपासल्यावरही तेवढाच किंवा जास्त आला, तर आजार परत आला असं धरतात. तपासणी दरवेळी एकाच लॅबमधून करा, आकडे वहीत तारखेसह लिहा. आमच्या वहीत आजवर ०.१ च्या वर आकडा गेला नाही, म्हणून शेक घेतलेला नाही.

शेक घ्यायचाच ठरला तर आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे जावं लागतं. वेचणीच्या दिवसांत रोज एसटीनं जाणं जमेल का, तिथंच राहावं लागेल का, हे आधीच ठरवा. दवाखान्यात शिरताच आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणारा तिथला माणूस) भेटून महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का बघा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. आणि बायोप्सीच्या स्लाइड-ब्लॉक (तपासायला काढलेल्या तुकड्याच्या काचा आणि मेणाचे ठोकळे) मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर ते पहिल्यांदा तेच मागतात.